तीन वर्षांच्या नव्या फ्लॅटमध्ये बुरशी आणि कपाटातलं घरघरणारं यंत्र (एमव्हीएचआर): मदत हवी

शेवंती | १७ नोव्हेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज गरजेपोटी लिहितेय.

मँचेस्टरमध्ये चौथ्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, ६१ चौरस मीटर. इमारत तीन वर्षांपूर्वीची. गॅस नाही, विजेचे हीटर. घर इतकं हवाबंद की रस्त्यावरची ट्रॅम दिसते पण ऐकू येत नाही. पहिले दोन हिवाळे काही त्रास झाला नाही. यंदा परवा एका लग्नासाठी पैठणी काढायला कपाट उघडलं तर वरच्या घडीवर पांढरे ठिपके. कपाट पुढे ओढलं, तर मागच्या भिंतीवर कोपऱ्यापासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळी बुरशी. सकाळी खिडकीच्या खालच्या कडेला एवढं पाणी साचतं की रोज एक टीटॉवेल पिळावा लागतो. मुलगी चार वर्षांची, तिचा खोकला महिनाभर हटत नाहीये. आई सांगलीहून ऑगस्टमध्ये आली आहे, मार्चपर्यंत असेल.

पॅसेजच्या कपाटात एक पांढरी पेटी आहे, तिला इथे एमव्हीएचआर म्हणतात (मेकॅनिकल वेंटिलेशन विथ हीट रिकव्हरी, म्हणजे ऊब राखून हवा बदलणारं यंत्र). घर घेताना सांगितलं होतं की ही आपोआप ताजी हवा देते, हात लावू नका. म्हणून कुणी लावला नाही. बिल्डरच्या माणसाला फोन केला तर म्हणाला की हा तुमच्या राहणीचा प्रश्न आहे, कपडे घरात वाळवू नका, स्वयंपाक करताना खिडकी उघडा. हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारं) आणलंय, बेडरूममध्ये सकाळी ७० टक्के दाखवतं.

डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं यंत्र) घ्यावा का? की ही पेटीच बंद करून टाकू? नवऱ्याचं मत दुसरं आहे (वीज!).

---

खलबत्ता | १८ नोव्हेंबर

डीह्युमिडिफायर घ्या, डोळे झाकून घ्या. आमच्याकडे तीन वर्षं आहे. रोज टाकीभर पाणी निघतं. भिंतीवर बुरशीचा स्प्रे मारा आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

---

उंबरठा | १८ नोव्हेंबर

मला एक कळत नाही. आपल्याकडे घर बांधताना वारा कुठून येईल ते आधी बघायचे. माजघराच्या आढ्याशी झरोका, चुलीवर धुराडं, कौलातून उरलेला वारा. ही माणसं आधी घराचं तोंड बांधतात आणि मग श्वासासाठी विजेचं यंत्र बसवतात. आणि खिडकी उघडा म्हणे! मँचेस्टरात नोव्हेंबरमध्ये पाऊसच असतो ना? ओल बाहेर जाईल की आत येईल?

---

दवबिंदू | १८ नोव्हेंबर

माझं पोट याच कामावर चालतं. मिडलँड्समध्ये नव्या घरांतली वेंटिलेशन यंत्रं बसवल्यावर हवा मोजून देणं, ती समतोल करणं, हे माझं काम. तेव्हा जरा लांबण लावतो.

उंबरठा, आधी तुमच्या प्रश्नाचं. इथे आलेला प्रत्येक मराठी माणूस हेच विचारतो, कारण आपलं अंग कोकणातल्या पावसावर घडलेलं आहे. जुलैत मुंबईची हवा २८ अंश आणि ९० टक्के आर्द्र असली तर तिच्या दर घनमीटरात २४ ग्रॅम वाफ असते. ती घरात घेतली तर ओल येणारच. पण मँचेस्टरात बाहेर ५ अंश असताना कितीही पाऊस पडू दे, त्या हवेत घनमीटरमागे ७ ग्रॅमच्या वर वाफ मावतच नाही. तीच हवा आत येऊन २० अंशाला तापली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत येते. म्हणजे इथली पावसाळी हवा घराला कोरडं करते. शेवंतीताईंच्या घरात २० अंश आणि ७० टक्के म्हणजे घनमीटरमागे १२ ग्रॅम. ही हवा १४-१५ अंशाच्या भिंतीला टेकली की दव धरते, आणि कपाटामागचा बाहेरच्या भिंतीचा कोपरा सहज तेवढा गार असतो. बुरशीला तर पाणी दिसायलाही लागत नाही. भिंतीलगतची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांवर राहिली की तिचं भागतं.

आता हिशोब. चार माणसांच्या घरात श्वास, अंघोळ, स्वयंपाक, कपडे असं धरून रोज दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. एक कळशी समजा. इंग्लंडच्या २०२१ च्या इमारत नियमांप्रमाणे (त्यातला वेंटिलेशनचा भाग, पार्ट एफ) दोन बेडरूमच्या घराला सतत २५ लिटर प्रति सेकंद हवा हवी, म्हणजे तासाला ९० घनमीटर. प्रत्येक घनमीटराने जाताना ५ ग्रॅम जास्तीचं पाणी नेलं तर दिवसाला पावणेअकरा लिटर झाले. कळशी आली, कळशी गेली. यंत्र नीट चालत असेल तर ७० टक्के आर्द्रता होऊच शकत नाही. म्हणजे ते चालत नाहीये. ‘तुमची राहणी’ म्हणणाऱ्याने हवा मोजली होती का, एवढं विचारा.

डीह्युमिडिफायर आत्ता आठवडाभर जरूर लावा, पण त्याने सीओटू (श्वासातला कार्बन डायऑक्साइड) कमी होत नाही, वास जात नाही, आणि दुखणं झाकलं जातं.

तूर्त दोन गोष्टी करा. एक, पेटी बंद करू नका. दोन, छताला गोल झडपा असतील त्या मोजा. प्रत्येकीजवळ टिश्यू पेपरचा एक पदर धरा. बाथरूम आणि स्वयंपाकघरातल्या झडपांनी तो ओढून धरायला हवा. बेडरूम आणि हॉलच्या झडपांनी तो ढकलायला हवा. काय होतं ते इथे लिहा.

---

घडीची_पोळी | १८ नोव्हेंबर

दवबिंदू, प्रतिसाद आवडला. मी बरीला राहते, शेजारच्याच गावात. ‘राहणी’ या शब्दावरून आठवलं. इथल्याच रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने श्वसनाचा गंभीर विकार झाला, असं कॉरोनरने (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने) नोव्हेंबर २०२२ मध्ये नोंदवलं. त्या कुटुंबाच्याही राहणीवरच बोट ठेवलं गेलं होतं. आता त्याच्या नावाचा कायदा आहे, ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरांना (कौन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनच्या भाड्याच्या घरांना) लागू झाला. शेवंती, तुमचं घर मालकीचं म्हणजे तो थेट लागू नाही, पण मुलीचा खोकला जीपीला (फॅमिली डॉक्टरला) दाखवा आणि बुरशीची नोंद करायला सांगा. तक्रार फोनवर नको, मेलवर करा.

---

शेवंती | १९ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार. जीपीची वेळ मिळाली शुक्रवारची.

टिश्यूचा निकाल: बाथरूमने घट्ट धरला, आमच्या बेडरूमला लागून जी छोटी बाथरूम आहे तिनेही. स्वयंपाकघरात चिकटला आणि पडला. हॉलमध्ये किंचित हलला. मुलीच्या खोलीत जेमतेम. आमच्या (म्हणजे सध्या आईच्या) बेडरूममध्ये ढिम्म.

स्टुलावर चढून झडपेत टॉर्च मारला तर आत काहीतरी फुलाफुलांचं. बोटाने ओढलं तर आईच्या जुन्या सुती लुगड्याचा बोळा बाहेर आला, नीट घडी घालून बसवलेला! आईला विचारलं. ती म्हणाली, “अगं, डोक्यावर बर्फाची फुंकर मारल्यासारखं व्हायचं रात्रभर. ऑक्टोबरातच बुजवलं मी ते. तुला सांगणार होते.”

तर गुन्हेगार सापडला. बोळा काढलाय. लाज वाटतेय उगाच धागा काढल्याची.

---

खलबत्ता | १९ नोव्हेंबर

हाहाहा. आईंना साष्टांग. बिल्डरचा माणूस बरोबरच म्हणत होता म्हणायचा, राहणीचाच प्रश्न :)

---

उंबरठा | १९ नोव्हेंबर

मी आईंच्या बाजूने.

---

दवबिंदू | १९ नोव्हेंबर

मीही. थांबा, धागा बंद करू नका.

माणसं झडप उगाच बुजवत नाहीत. शंभरेक घरांत बघितलंय मी: बोळे, चिकटपट्टी, एका ठिकाणी तर लोणच्याच्या बरणीचं झाकण. दर वेळी कारण असतं, बहुतेकदा आवाज किंवा गारवा. आईंनी गारवा सांगितलाय. पण चांगल्या चालणाऱ्या यंत्राने बर्फाची फुंकर मारायलाच नको.

आत काय होतं ते सांगतो. पेटीत पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्यांचा एक ठोकळा असतो. बाथरूम-स्वयंपाकघरातली उबदार मळकी हवा एका थरातून बाहेर जाते, तिच्या शेजारच्या थरातून बाहेरची ताजी हवा उलट दिशेने आत येते. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत, मध्ये पापुद्रा आहे. फक्त ऊब या हवेतून त्या हवेत जाते. चांगला ठोकळा ८०-९० टक्के ऊब परत देतो. बाहेर ४ अंश, घरात २० असेल तर झडपेतून येणारी हवा १७-१८ अंशाची हवी. तीही डोक्यावर थोडी गार लागेल, पण बर्फ म्हणणार नाही कुणी.

घरात स्वयंपाकाचं, टोकदार दांडीचं थर्मामीटर आहे का? बोळा काढून तासभर झाल्यावर तीन ठिकाणची तापमानं घ्या: बाहेर बाल्कनीत, हॉलमध्ये, आणि बेडरूमच्या झडपेच्या आत.

---

शेवंती | १९ नोव्हेंबर, रात्री

पाकासाठी घेतलेलं थर्मामीटर होतं, तेच वापरलं. बाहेर ४. हॉल २०. झडपेत ७!! तीनदा बघितलं.

---

दवबिंदू | १९ नोव्हेंबर, रात्री

१६ अंशांच्या फरकातले ३ परत मिळतायत. १९ टक्के. आणि ते ३ सुद्धा बहुधा पाइपातून येता येता घरातल्या उबेने मिळाले असणार. म्हणजे हवा ठोकळ्यातून जातच नाहीये.

माझा संशय समर बायपासवर. उन्हाळ्यात रात्रीची गार हवा थेट आत घेता यावी म्हणून पेटीत एक आडवाट असते, तिच्या तोंडाला मोटरवर हलणारं झाकण. थंडी सुरू झाली की ते बंद व्हायला हवं. तुमचं उन्हाळ्यात उघडलं ते तसंच राहिलंय असं दिसतं. तारखा जुळवून बघा. ऑक्टोबरात बाहेरची हवा गार झाली, आईंना फुंकर लागली, त्यांनी बोळा कोंबला, खोलीत हवा येईना, कपाटामागे ओल धरली. बोळा हा शेवट होता, सुरुवात नव्हे.

म्हणजे आई ऑक्टोबरपासून बरोबर मोजमाप सांगत होत्या, फक्त थर्मामीटरशिवाय.

---

शेवंती | २० नोव्हेंबर

आईला वाचून दाखवलं. दुपारपासून घरात तिचा रुबाब बघण्यासारखा आहे.

बिल्डरला तापमानांसकट मेल केली. राहणीचा उल्लेख न करता उत्तर आलं, इंजिनिअर २ डिसेंबरला पाठवतो म्हणून. तोवर मी पेटीचं काय करू?

---

दवबिंदू | २० नोव्हेंबर

चालू ठेवा. गारवा परवडला, पण ओल नको. आईंचा पलंग झडपेखालून हलवा. आणि पेटीच्या पुढच्या झाकणातले फिल्टर काढून बघा, साधारण दोन असतात, हत्यार लागत नाही. आधी मेन स्विच बंद. कुठला कुठे होता त्याचा फोटो काढा.

---

बाराखडी | २० नोव्हेंबर

कॅनडातून, एडमंटन. आमच्याकडे याला एचआरव्ही (हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर) म्हणतात, आणि तळघरात भट्टीशेजारी तो असणं इतकं सवयीचं आहे की मला वाटायचं सगळ्या जगात असतो. इतिहास म्हणून सांगतो: शेजारच्या सस्कॅचेवन प्रांतात रेजायना इथे १९७७ मध्ये तेलसंकटानंतर एक प्रयोगाचं घर बांधलं, सस्कॅचेवन कॉन्झर्वेशन हाउस. जाड भिंती, जवळजवळ हवाबंद, आणि हवेसाठी असाच ऊब परत देणारा ठोकळा. हॅरॉल्ड ऑर हे त्यातले प्रमुख इंजिनिअर. जर्मनीतलं डार्मश्टाटचं पहिलं पॅसिव्ह हाउस (अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणारं घर) १९९१ चं, म्हणजे त्यानंतरचं. उंबरठा, घराचं तोंड बांधायची कल्पना उणे तीस अंशात सुचलेली आहे. तिथे कौलातून वारा आला तर माणूस राहत नाही.

आमची दुखणी मात्र शेवंतीच्या बरोबर उलटी. उणे तीसच्या हवेत घनमीटरमागे अर्धा ग्रॅमसुद्धा वाफ नसते. ती घरात तापवली की ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो, मुलांच्या नाकातून रक्त येतं. म्हणून गेल्या वर्षी आम्ही ईआरव्ही (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर) बसवला. त्याचा पापुद्रा उबेबरोबर थोडी वाफही परत देतो. आणि फार थंडीत ठोकळ्यात बर्फ धरतो. मग यंत्र अधूनमधून बाहेरची हवा थांबवून आतलीच फिरवतं आणि बर्फ वितळवतं. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं बिघडलं.

शेवंती, बाहेरची जाळीही बघायला सांग. आमच्याकडे जूनमध्ये पॉपलरच्या झाडांचा कापूस उडतो. एका वर्षी बाहेरची जाळी त्याने इतकी भरली की गादीचा तुकडा चिकटवल्यासारखी निघाली.

---

शेवंती | २१ नोव्हेंबर

फिल्टर काढले. घरातून जाणाऱ्या बाजूचा राखाडी, तेलकट. बाहेरून येणाऱ्या बाजूचा काळाकुट्ट, आमच्या डोशाच्या तव्यासारखा. तीन वर्षांत कुणी बदलला नव्हता, आम्हीही नाही. रस्त्यावरची सगळी काजळी त्यात बसली असणार. सहा महिन्यांनी बदला असं झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलंय, म्हणजे झाकण उघडल्यावरच दिसणार! नवे मागवले.

हेही सांगा, फोडणीचं काय करायचं? शेगडीवरची चिमणी फक्त कोळशाच्या फिल्टरमधून हवा फिरवते, बाहेर सोडत नाही. मिरचीची फोडणी दिली की हॉलमध्ये ठसका. आईने सुकट आणलीय, ती अजून उघडायची हिंमत झालेली नाही.

---

घडीची_पोळी | २१ नोव्हेंबर

सुकट!! कधी येऊ?

---

दवबिंदू | २१ नोव्हेंबर

फोडणीच्या पाच मिनिटं आधी बूस्टचं (पंखे जोरात चालवायचं) बटण दाबा, ठसका लागल्यावर नाही. मग अर्धा तास तसंच चालू द्या. बूस्टला स्वयंपाकघराच्या झडपेने निदान १३ लिटर प्रति सेकंद ओढायला हवं, बाथरूमने ८. फिरवणारी चिमणीही चालू ठेवा, ती निदान तेलाचे कण धरते. शेगडीची हवा थेट या यंत्राला कधीच जोडायची नसते, नाहीतर ठोकळ्याला चिकटा धरतो. स्वयंपाकघरातल्या झडपेत जाळी असेल तर महिन्यातून एकदा गरम पाण्यात साबण घालून धुवा.

सुकटीला खिडकी उघडा. यंत्र आहे म्हणून खिडकी उघडायची नाही असा नियम नाही, हा गैरसमज फार पसरलाय. उघडल्यावर तेवढा वेळ ऊब जाते, बाकी काही बिघडत नाही.

आणि मुख्य गोष्ट: झडपा धुताना त्यांचा मधला गोल फिरवू नका. त्याच्या फटीवरच त्या खोलीची हवा ठरवलेली असते. माझ्या निम्म्या तक्रारी सफाईनंतरच्या असतात. पुसायला काढायची तर आधी पेन्सिलने खूण करा.

---

कोरडवाहू | २२ नोव्हेंबर

छान धागा. मी श्टुटगार्टला ३२ चौरस मीटरच्या एका खोलीत राहतो. जुनी इमारत, बाहेरून इन्सुलेशन चढवलं आणि खिडक्या बदलल्या तेव्हा घर एकदम कोंदट झालं. अशा घरात पाइप कुठून फिरवणार? मालकाने भिंतीत दोन भोकं पाडून दोन पंखे बसवले. त्यांच्या आत सिरॅमिकचा मधाच्या पोळ्यासारखा ठोकळा. सत्तर सेकंद आतली हवा बाहेर, ठोकळा तापतो. मग पंखा उलटा फिरतो, सत्तर सेकंद बाहेरची हवा त्याच तापलेल्या ठोकळ्यातून आत. एक आत घेतो तेव्हा दुसरा बाहेर सोडतो, म्हणून जोडी लागते. लहान घराला उत्तम. त्रुटी दोन: जोराचा वारा सुटला की ताळमेळ बिघडतो, आणि दिशा बदलताना बारीक ‘हुप्’ असा आवाज येतो. पहिल्या रात्री मी जागा राहून सेकंद मोजले.

त्याआधी आम्ही भाडेकरू दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं घर मोकळं करायचो. याला इथे श्टोसलुफ्टन म्हणतात आणि पुष्कळ भाडेकरारांत तसं लिहिलेलं असतं. ते चांगलंच आहे, पण नोकरी करणारा माणूस पहाटे तीनला उठून खिडकी उघडत नाही, आणि सीओटू वाढतो तो झोपेतच. बंद दाराआड दोघं झोपलो की माझं सीओटू मीटर पहाटे २४०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके) दाखवायचं. आता ९०० च्या आसपास.

---

वाळवण | २३ नोव्हेंबर

ठाण्यात हे लावण्यात अर्थ आहे का? आमच्याकडे मार्च ते जून बेडरूम बंद करून एसी. सकाळी डोकं जड. एसीवाला म्हणतो की एसी ताजी हवा देतोच.

---

दवबिंदू | २३ नोव्हेंबर

स्प्लिट एसी ताजी हवा देत नाही. खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो. भिंतीतून बाहेर जातात त्या गॅसच्या आणि पाण्याच्या नळ्या, हवेची वाट नव्हे. डोकं जड होण्याचं ते एक कारण नक्की असू शकतं.

पण ऊब (इथे गारवा) परत मिळवण्याचा हिशोब ठाण्यात वेगळा होतो. इथे हिवाळ्यात आत-बाहेर पंधरा अंशांचा फरक, ठाण्यात एसीच्या खोलीत सात-आठ. तासाला ९० घनमीटर हवा सात अंश गार करायला साधारण २०० वॅट गारवा लागतो, एसी तो साठेक वॅट विजेत देतो. यंत्राचे पंखेच तीसेक वॅट खाणार. म्हणजे नुसतं तापमान परत मिळवून हातात फार उरत नाही. खरा भार वाफेचा. पावसाळ्यात ती हवा आत घेतली तर एसीला तासाला लिटरभर पाणी पिळावं लागतं. म्हणून तिकडे लावायचाच तर एचआरव्ही नको, वाफ अडवणारा ईआरव्ही, आणि तोही एसी तास न् तास चालणार असेल तर. नाहीतर रात्री बेडरूमचं दार बोटभर उघडं ठेवा आणि हॉलची खिडकी किलकिली. फुकट आहे.

---

पायरी | २६ नोव्हेंबर

लेस्टरला आमचं शंभर वर्षांहून जुनं टेरेस घर (ओळीतलं, भिंतीला भिंत लागलेलं) आहे. हा धागा वाचून एमव्हीएचआर बसवायचं मनात आलंय. कोटेशन बघून मात्र पोटात गोळा.

---

दवबिंदू | २६ नोव्हेंबर

थांबा. आधी हवाबंदपणाची चाचणी करून घ्या: दारात मोठा पंखा बसवून ५० पास्कल दाब देतात आणि किती हवा निसटते ते मोजतात. इंग्लंडमध्ये नव्या घराला तासाला दर चौरस मीटर आवरणामागे ८ घनमीटरपर्यंत सूट आहे. या यंत्राचा खरा फायदा साधारण ३ च्या खाली दिसतो. जुन्या टेरेसमध्ये फळ्यांच्या फटी, धुराडं, सांधे यांतूनच एवढी हवा शिरते की यंत्र एका बाजूने ऊब परत देतं आणि घर दुसऱ्या बाजूने घालवतं. तुम्हाला बाथरूम आणि स्वयंपाकघरात मंद गतीने सतत चालणारे एक्झॉस्ट पंखे आणि खिडक्यांवरच्या छोट्या फटी पुरतील. पैसे आधी फटी बुजवण्यात घाला. फक्त घरात उघडी शेकोटी किंवा जुना गॅस हीटर असेल तर फटी बुजवण्याआधी जाणकाराला दाखवा. कार्बन मोनॉक्साइडची थट्टा नको.

---

शेवंती | ३ डिसेंबर

अपडेट. काल इंजिनिअर आला. तरुण मुलगा, कामसू. पेटी उघडल्यावर दहाव्या मिनिटाला म्हणाला, बायपासचं झाकण अडकलंय. मोटर फिरत होती, पण तिची प्लास्टिकची कडी निसटली होती, त्यामुळे झाकण उघडंच. कडी माझ्या करंगळीच्या नखाएवढी! खिशातून दुसरी काढून बसवली.

मग त्याने तुतारीसारखं दिसणारं मीटर प्रत्येक झडपेला लावून हवा मोजली. बाहेर जाणारी सेकंदाला २२ लिटर, आत येणारी फक्त १०. तीन कारणं निघाली. एक तो काळा फिल्टर. दोन, बाहेरच्या जाळीमागे किड्यांची दुसरी बारीक जाळी, ती धुळीने लिंपल्यासारखी झाली होती (बाराखडी, तुमची गादी आठवली). तीन, पॅसेजच्या कपाटात आम्ही वर सूटकेसा कोंबल्या होत्या, त्यांनी पेटीवरचा मऊ पाइप चेपून चपटा केला होता. तिसरं आमचं पाप.

सगळं करून आत २४ लिटर, बाहेर २५. आज सकाळी बाहेर ३ अंश, हॉलमध्ये २०, झडपेत १७. आईने झडपेखाली हात धरला आणि म्हणाली, “आता कसं माणसासारखं येतंय.”

इंजिनिअरने अजून एक दाखवलं. बेडरूमच्या दाराखाली बोटभर फट हवी, कारण हवा बेडरूममध्ये येते आणि बाथरूममधून जाते, मध्ये तिला वाट लागते. आम्ही जाड गालिचा घालून ती फट बंद केली होती. गालिचा हलवला.

नवऱ्याला विजेचा हिशोब कुणी समजावेल का?

---

दवबिंदू | ३ डिसेंबर

पाव्हण्यांना सांगा: पंखे तीस वॅट, वर्षभर चोवीस तास, युनिट २७ पेन्सने धरलं तर सत्तर पौंड. आता फरक पंधरा अंश असताना २५ लिटर हवा तापवायला ४४५ वॅट लागतात, यंत्र त्यातले साडेतीनशेच्या वर परत देतं. तुमचे हीटर विजेचे आहेत, त्यामुळे हिवाळ्यातल्या दीड-दोन महिन्यांतच पंख्यांचा वर्षाचा खर्च निघतो. गॅसवर घर तापवणाऱ्यांना हे गणित बरंच तोकडं पडतं, ते मी लपवणार नाही. आणि ही बचत तेवढीच हवा खिडकीतून घेण्याच्या तुलनेत आहे. खिडकीही बंद आणि यंत्रही बंद, तर बिल सगळ्यात कमी येईल. बुरशी मोफत.

---

खलबत्ता | ३ डिसेंबर

माझे शब्द मागे. मी तीन वर्षं रोज टाकीभर पाणी ओततोय, म्हणजे माझ्याही घरात काहीतरी बंद आहे. शनिवारी टिश्यू घेऊन चढतो.

---

शेवंती | १४ जानेवारी

धागा वर काढतेय. सहा आठवडे झाले. बेडरूम सकाळी ५०-५२ टक्के. टीटॉवेल कोरडा. बुरशी साफ करून भिंत रंगवली, अजून परत आली नाही. मुलीचा खोकला गेला. औषधाने की हवेने ते मला ठरवता येणार नाही. पैठणी ड्रायक्लीनला दिली होती, जरीजवळचा एक डाग राहिलाय, बाकी निघाले.

सुकट झाली. घडीची_पोळी साक्षीला होत्या.

काल संक्रांतीपूर्वीची साफसफाई म्हणून आईने स्टुलावर चढून सगळ्या झडपा काढून घासूनपुसून लावल्या. मी ऑफिसात होते.

---

दवबिंदू | १४ जानेवारी

पेन्सिलची खूण केली होती का?

---

शेवंती | १४ जानेवारी

विचारलं. “मला काय खुळी समजलीस?” म्हणाली. कुंकवाने केलीय.